तोंडी परीक्षेतला प्रश्न आणि केंद्रक नसलेली पेशी

पत्र : मी २६ वर्षांची आहे. बारावी कला शाखेतून झाली, नंतर लग्न झाले, आणि यंदा जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. जीवशास्त्राशी माझा शेवटचा संबंध दहावीत, मराठी माध्यमात आला होता. शरीररचनेच्या पुस्तकातले पेशीचे प्रकरण मी चार वेळा पाठ केले. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पॉवरहाऊस, लायसोसोम म्हणजे आत्मघाती पिशव्या, हे मी झोपेतही म्हणू शकते. पण सरावाच्या तोंडी परीक्षेत मला विचारले गेले, ‘लाल रक्तपेशीत केंद्रक नसते, मायटोकॉन्ड्रिया नसतात, मग ती जगते कशी?’ मी गप्प उभी राहिले. ‘आर्ट्सवाल्यांना हे जमायचे नाही,’ असे सगळ्यांसमोर ऐकावे लागले. मॅडम, हे प्रकरण अभ्यासायचे कसे? दहावीत शिकलेले मराठी शब्द आता डोक्यातून काढून टाकू का? आणि खरे सांगायचे तर, रुग्णाच्या खाटेपाशी या सगळ्याचा उपयोग काय?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्हाला विचारलेला प्रश्न उत्तम होता. तो ज्या सुरात विचारला गेला तो सूर उत्तम नव्हता, पण त्यावर जागा खर्च करण्यापेक्षा प्रश्नावर करते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना हाच प्रश्न मी विज्ञान शाखेच्या मुलामुलींना दरवर्षी विचारत असे, आणि बहुतेक जण तुमच्यासारखेच गप्प राहत. तेव्हा दोष तुमच्या शाखेचा नाही. पेशीचे प्रकरण ज्या रीतीने छापले जाते आणि ज्या रीतीने पाठ करून घेतले जाते, तिथेच अडचण आहे.

पुस्तकातली ती आकृती डोळ्यांसमोर आणा. एक गोल, मध्ये केंद्रक, भोवती दोन-तीन तंतुकणिका (म्हणजे तुमचे मायटोकॉन्ड्रिया), एका बाजूला गॉल्गी संकुल, चार ठिपके म्हणजे रायबोझोम, आणि प्रत्येकाकडे बोट दाखवणारा बाण. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे हे चित्र असते. सगळे पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत ओळीने उभे असतात, पण कोण कोणाचे काय लागते आणि कालच्या जेवणावळीत कोणी काय काम केले, हे त्या फोटोवरून कळत नाही. शिवाय ती पेशी कोणाच्याच शरीरात नसते. यकृताची पेशी वेगळी, स्नायूची वेगळी, चेतापेशी, म्हणजे नर्व्ह सेल, तर कधी कधी मीटरभर लांबीचा तंतू बाळगणारी. सर्वांचे सर्व अवयव एका गोलात कोंबून तयार केलेली ती एक सोयीची कल्पना आहे.

आकृतीत आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे आकारमान. मी वर्गात एक खेळ करत असे, तो तुम्हीही करून बघा. पेशी दहा लाख पटींनी मोठी झाली असे समजा. २० मायक्रोमीटरची पेशी २० मीटर लांबीची होईल, म्हणजे एखाद्या मंगल कार्यालयाच्या सभागृहाएवढी. त्यात केंद्रक ६ मीटरच्या खोलीएवढे असेल. तंतुकणिका लांबट पोत्यांसारख्या, अर्धा ते एक मीटर जाडीच्या, शेकड्यांनी. रायबोझोम आवळ्याएवढे, आणि ते मात्र लाखोंनी. ग्लुकोजचा रेणू खसखशीच्या दाण्याएवढा. या सबंध सभागृहाला बाहेरून वेढणारे प्रद्रव्यपटल, म्हणजे सेल मेम्ब्रेन, जेमतेम ७ मिलिमीटर जाडीचे असेल. आणि केंद्रकाच्या त्या ६ मीटरच्या खोलीत डीएनएची दोन मिलिमीटर जाडीची सुतळी ठेवलेली असेल; ४६ तुकड्यांमधली तिची एकूण लांबी सुमारे २,००० किलोमीटर भरेल, म्हणजे मुंबईहून नागपूरमार्गे हावड्यापर्यंतच्या लोहमार्गाएवढी. ती न गुंतता तिथे कशी राहते आणि हवा तो तुकडा हव्या त्या वेळी कसा उघडता येतो, याचे मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटते.

याच मापाने सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही समजते. महाविद्यालयातला साधा, प्रकाशावर चालणारा सूक्ष्मदर्शक सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकत नाही. आपल्या सभागृहात ती मर्यादा २० सेंटिमीटर होते. म्हणजे आवळ्याएवढे रायबोझोम दिसणार नाहीत आणि पटलाची जाडीही मोजता येणार नाही. कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये चांदीच्या क्षाराने रंगवलेल्या चेतापेशींत एक जाळे पाहिले, परंतु ते खरोखरच पेशीत आहे की रंगवण्याच्या प्रक्रियेत तयार झालेला डाग आहे, यावर जवळजवळ अर्धशतक वाद चालला आणि तो मिटला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. आज परीक्षेत एका गुणासाठी विचारल्या जाणाऱ्या त्या चपट्या थैल्यांचे अस्तित्वच एके काळी अनेक तज्ज्ञांना मान्य नव्हते.

आता अभ्यासाच्या रीतीकडे येते. माझा सल्ला एवढाच आहे की पेशीअंगकांची, म्हणजे पेशीच्या आतल्या भागांची, यादी बाजूला ठेवावी आणि एक पदार्थ निवडून त्याच्या मागोमाग पेशीतून चालत जावे. तुम्ही परिचारिका होणार आहात, म्हणून मी इन्सुलिन निवडते. वॉर्डात ते तुम्ही रोज हाताळाल.

स्वादुपिंडात लँगरहान्सची द्वीपके असतात आणि त्यांत बीटा पेशी असतात. इन्सुलिन कसे बनवायचे याची माहिती त्या पेशीच्या केंद्रकात, ११ व्या गुणसूत्रावर, एका जनुकात लिहिलेली आहे. केंद्रकाला ‘पेशीचा मेंदू’ म्हणायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडून द्या. केंद्रक विचार करत नाही. मला ते तलाठ्याच्या दफ्तरासारखे वाटते : मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाही, पण सातबाराची नक्कल मिळते, ती घेऊन माणूस बँकेत जातो, काम होते, आणि ती नक्कल नंतर जीर्ण होऊन टाकून दिली जाते. जनुकाची अशीच एक नक्कल निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि ती केंद्रकाच्या आवरणातल्या छिद्रांमधून बाहेर पेशीद्रव्यात येते.

बाहेर तिची गाठ रायबोझोमशी पडते. रायबोझोम नक्कल वाचतो आणि त्यानुसार अमिनो आम्ले एकापुढे एक जोडत जातो. इन्सुलिनच्या बाबतीत सुरुवातीला जी साखळी ठरलेली असते ती ११० अमिनो आम्लांची असते, आणि तिच्यातली पहिली २४ ही निव्वळ पत्ता असतात. तेवढा भाग बाहेर डोकावला की पेशीतली यंत्रणा तो पत्ता ओळखते आणि चालू कामासकट त्या रायबोझोमला आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पटलांच्या जाळ्याच्या, पृष्ठभागावर नेऊन टेकवते. ही जालिका ‘खडबडीत’ का दिसते, हे तुम्ही पाठ केले असेल : ‘कारण तिच्यावर रायबोझोम असतात.’ पण ते तिथे का असतात, याचे उत्तर आता मिळाले. जी प्रथिने पेशीबाहेर पाठवायची किंवा पटलात बसवायची असतात, त्यांचेच रायबोझोम प्रामुख्याने इथे येऊन चिकटतात. पेशीद्रव्यातच वापरायच्या प्रथिनांचे रायबोझोम मोकळे राहतात. प्रथिनावरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो, हे दाखवून देणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

जालिकेच्या आत साखळी सरकली की पत्त्याचा तुकडा कापला जातो, कारण त्याचे काम संपले. उरलेली ८६ अमिनो आम्लांची साखळी घडी घालून विशिष्ट आकार घेते आणि गंधकाच्या तीन बंधांनी तो आकार पक्का होतो. घडी चुकली तर प्रथिन निरुपयोगी ठरते, आणि चुकीच्या घडीची प्रथिने ओळखून बाजूला काढणारी तपासणीही इथेच चालते. नंतर जालिकेचा छोटासा फुगवटा तुटून त्याची पुटिका होते, ती गॉल्गी संकुलात जाऊन मिसळते, आणि तिथून पुढे कोणता माल कोणत्या पुटिकेत भरायचा याची वाटणी होते. इन्सुलिनची साखळी साठवणीच्या कणांत भरली जाते, आणि त्या कणांतच तिचा मधला भाग कापला जातो. कापून उरते ते खरे इन्सुलिन : २१ अमिनो आम्लांची एक आणि ३० ची दुसरी, अशा दोन साखळ्या, एकूण ५१. कापल्या गेलेल्या भागातला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड.

हे नाव तुम्हाला प्रयोगशाळेच्या अहवालावर दिसेल. पेशी प्रत्येक इन्सुलिनच्या रेणूमागे एक सी-पेप्टाइड बाहेर सोडते, आणि बाटलीतल्या औषधी इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. त्यामुळे रोज इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवते, हे पाहायचे असेल तर डॉक्टर सी-पेप्टाइड तपासायला सांगतात. रुग्णाच्या खाटेपाशी याचा उपयोग काय, असे तुम्ही विचारले होते. तो अहवाल म्हणजे बीटा पेशीतल्या त्या साठवणीच्या कणांची खबर आहे.

या मार्गाचा वेग किती असतो, हेही माणसाने मोजले आहे. जॉर्ज पालादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनी पिगच्या स्वादुपिंडातल्या पाचकरस बनवणाऱ्या पेशींना काही मिनिटांपुरती किरणोत्सारी अमिनो आम्ले दिली आणि नंतर ठराविक वेळाने त्या पेशी पाहिल्या. सुरुवातीला किरणोत्सार खडबडीत जालिकेत होता, मग तो गॉल्गी संकुलाच्या परिसरात आढळला, आणि दोनेक तासांनी साठवणीच्या कणांत. आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासह पालादे यांना १९७४ चे नोबेल मिळाले. पुस्तकात ‘केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी’ असा क्रम छापलेला असतो तो कुणाच्या मनाने ठरलेला नाही. मालाची खरोखरीची वाट तीच आहे.

कण भरून तयार आहेत, पण ते सोडायचे कधी? इथे तंतुकणिका गोष्टीत येतात, आणि त्यांच्याविषयी मला थोडे सावकाश लिहायचे आहे, कारण ‘पॉवरहाऊस’ या शब्दाने जितके समजते तितकेच झाकलेही जाते. फिलिप सीकेविट्झ यांनी १९५७ मध्ये तो शब्द वापरला आणि तेव्हापासून तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला आहे. पण वीजकेंद्र ऊर्जा निर्माण करते असे आपण म्हणतो तेव्हा ती कशातून येते हे विचारायचे राहून जाते. कोणते वीजकेंद्र म्हणाल, तर मी घाटघरचे नाव घेईन. अकोले तालुक्यातल्या घाटघरला उदंचन प्रकल्प आहे : आधी वीज खर्च करून खालच्या जलाशयातले पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवतात, आणि गरज पडली की तेच पाणी खाली सोडून त्यावर जनित्र फिरवतात. तंतुकणिकेला दोन पटले असतात. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेवर तिच्या आतल्या पटलातले पंप हायड्रोजनचे आयन पटलापलीकडे ढकलतात. ते आयन परत आत यायला धडपडतात, आणि त्यांना जी वाट मिळते तिच्यात बसवलेले प्रथिन अक्षरशः चक्रासारखे फिरते व एटीपी, म्हणजे पेशीच्या कामांना ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार करते. आतल्या पटलाला इतक्या घड्या का असतात, हा परीक्षकांचा आवडता प्रश्न आहे : जितके पटल जास्त, तितके पंप आणि तितकी चक्रे जास्त. पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा तिला भरपूर विरोध झाला, आणि १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळाले.

यात ऑक्सिजन कुठे आहे? अगदी शेवटी. अन्नातून निघून या पंपांच्या साखळीतून आलेले इलेक्ट्रॉन स्वीकारून तो पाणी होतो. तो मिळाला नाही तर इलेक्ट्रॉन अडकतात, पंप थांबतात, आणि चक्र फिरायचे बंद होते. दम लागलेल्या रुग्णाच्या नाकाला तुम्ही ऑक्सिजनची नळी लावता, तेव्हा तो ऑक्सिजन सरतेशेवटी इथे पोचायचा असतो.

पुन्हा बीटा पेशीकडे. जेवण झाले, रक्तातली साखर वाढली, ग्लुकोज बीटा पेशीत शिरले, तंतुकणिकांनी एटीपी वाढवले. वाढलेल्या एटीपीमुळे प्रद्रव्यपटलातले पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग बंद होतात, पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतभार बदलतो, त्यामुळे कॅल्शियमचे मार्ग उघडतात, कॅल्शियम आत येते, आणि साठवणीचे कण पटलाशी एकजीव होऊन इन्सुलिन बाहेर पडते. म्हणजे बीटा पेशीत तंतुकणिका ही साखर मोजणारी तराजूही आहे. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडची गोळी तुम्ही पुष्कळ रुग्णांना द्याल. ती हेच पोटॅशियमचे मार्ग बंद करते, आणि म्हणूनच गोळी घेऊन रुग्ण जेवला नाही तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, कारण पेशीला साखर नसतानाही ती आहे असे भासवले गेलेले असते.

बाहेर पडलेले इन्सुलिन स्नायूपेशीपर्यंत पोचते, आणि साखर आत नेण्यासाठी त्याला स्वतः पेशीत शिरावे लागत नाही. ते पटलावरच्या ग्राहक प्रथिनाला बिलगते, तेवढ्याने आत निरोप जातो, आणि आत थांबलेल्या पुटिका ग्लुकोजची दारे घेऊन पटलाशी येतात. प्रद्रव्यपटलाला ‘पेशीची भिंत’ म्हणू नका, असे मी मुलांना ओरडून सांगत असे. एक तर भिंत, म्हणजे पेशीभित्तिका, वनस्पतींना, बुरशींना आणि बहुतेक जीवाणूंना असते, आपल्याला नसते. पेनिसिलिन जीवाणूंच्या भित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणते आणि आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्याने त्या वाचतात. दुसरे असे की पटल हा मेदाच्या रेणूंचा दुहेरी, पातळ तेलासारखा हलता थर आहे, आणि त्यात प्रथिने तरंगत असतात. भिंतीला दारे बसवून झाली की ती कायमची असतात. इथे दारे येतात आणि जातात.

आता तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी तयारी झाली. लाल रक्तपेशी जन्मतःच अशी नसते. अस्थिमज्जेत तिची पूर्वज पेशी केंद्रक, रायबोझोम, तंतुकणिका असे सगळे बाळगून असते आणि हिमोग्लोबिन बनवण्यात गुंतलेली असते. पुरेसे हिमोग्लोबिन झाले की ती केंद्रक बाहेर टाकते. दफ्तर गेले, पण आधी काढलेल्या नकला काही काळ शिल्लक असतात, त्यांवर एक-दोन दिवस थोडे काम चालते. अशा कोवळ्या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात आणि रक्तक्षयात तिची मोजणी करतात, कारण मज्जा नव्या पेशी किती जोमाने बनवते ते त्यावरून कळते. मग रायबोझोम आणि तंतुकणिकाही जातात. उरते ते सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाचे, दोन्ही बाजूंनी दबलेले, हिमोग्लोबिनने ठासून भरलेले बशीसारखे पटल.

ती जगते कशी? पेशीद्रव्यातच ग्लुकोजचे अर्धवट विघटन करून. या मार्गाला ऑक्सिजन लागत नाही, एका ग्लुकोजमागे निव्वळ दोनच एटीपी हाती लागतात, पण हिच्या गरजाही थोड्या असतात : पटलातले सोडियम-पोटॅशियमचे पंप चालू ठेवायचे, आकार टिकवायचा, हिमोग्लोबिन चांगल्या स्थितीत ठेवायचे. आणि तंतुकणिका नसणे हिच्या पथ्यावरच पडते. जी पेशी दुसऱ्यांसाठी ऑक्सिजन वाहून नेते, तिच्याच पोटात ऑक्सिजन वापरणाऱ्या तंतुकणिका असत्या तर तिने वाटेतच मालाला हात घातला असता.

याची किंमतही ती मोजते. रायबोझोम नाहीत म्हणून नवे प्रथिन बनत नाही, खराब झालेले बदलता येत नाही. सुमारे १२० दिवसांत पटल ताठर होते आणि प्लीहेतून जाताना ती पकडली जाते. शरीराला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार कराव्या लागतात, त्या याचसाठी. आणि मधुमेहाच्या रुग्णाची एचबीए१सी ही तपासणी गेल्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, तीही याचमुळे : हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर पेशी मरेपर्यंत तशीच राहते, कारण नवे हिमोग्लोबिन भरायची सोयच नसते. परीक्षक पुढे कदाचित विचारतील की रक्ताच्या नमुन्यातून डीएनए मिळतो तो कुठून. उत्तर आहे पांढऱ्या पेशींमधून. बेडकाच्या आणि पक्ष्यांच्या लाल पेशींत मात्र केंद्रक असते, हेही लक्षात असू द्या, म्हणजे ‘लाल पेशीत केंद्रक नसते’ असे सरसकट वाक्य तुमच्या तोंडून जाणार नाही.

जाता जाता एक. डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ असे घरोघरी म्हणतात आणि त्यांना प्लेटलेट म्हणायचे असते. प्लेटलेट या पूर्ण पेशी नाहीत, मज्जेतल्या एका प्रचंड पेशीचे ते तुटलेले तुकडे आहेत. त्यांनाही केंद्रक नसते, पण तंतुकणिका असतात. रुग्णाच्या नातेवाइकांना दुरुस्त करायला जाऊ नका, पण ‘कोणत्या पेशी?’ हे विचारून घ्या, नाहीतर पांढऱ्या पेशींचा आकडा सांगून बसाल.

राहिलेली अंगके आता फार वेळ घेणार नाहीत. लयकारिका, म्हणजे लायसोसोम, द द्यूव यांनी १९५५ मध्ये ओळखल्या. ‘आत्मघाती पिशव्या’ हे नाव नाट्यमय आहे आणि म्हणूनच ते टिकून राहिले असावे, पण त्यांचे रोजचे काम आत आलेले जीवाणू आणि पेशीचीच झिजलेली अंगके पचवून त्यांतला कच्चा माल परत देणे हे आहे. त्यांची विकरे, म्हणजे एन्झाइम, ५ च्या आसपासच्या आम्ल पीएचला चालतात. भोवतालच्या पेशीद्रव्याचा पीएच सुमारे ७.२ असतो, त्यामुळे एखादी पिशवी फुटली तरी सगळी पेशी लगेच विरघळत नाही. ठरवून मरायची वेळ आली तर त्या प्रक्रियेची एक महत्त्वाची कळ, गंमत म्हणजे, तंतुकणिकेत असते. गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका यकृतपेशीत भरपूर असते, कारण पुष्कळ औषधे तिथे निकामी केली जातात. फिट येणाऱ्या रुग्णाला फेनोबार्बिटोन बरेच दिवस दिले की ही जालिका वाढते आणि इतर काही औषधेही लवकर संपू लागतात. डॉक्टर मात्रा का बदलतात, त्याचे हे एक कारण.

परासरणासाठी, म्हणजे ऑस्मोसिससाठी, कोणतेच पुस्तक उघडू नका. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा आणि तासाभराने भांड्यात सुटलेले पाणी बघा. मग विचार करा की शिरेतून द्यायच्या सलाइनमध्ये मीठ ०.९ टक्केच का असते. नुसते ऊर्ध्वपातित पाणी शिरेत गेले तर पाणी लाल पेशींमध्ये घुसते आणि त्या फुगून फुटतात. मीठ जास्त झाले तर त्या कैरीच्या फोडीसारख्या सुरकुततात. कैरीला भित्तिका आहे म्हणून ती साध्या पाण्यात फुटत नाही, लाल पेशीला ती नाही म्हणून फुटते.

शब्दांविषयी तुम्ही विचारलेत. मराठी शब्द अजिबात टाकू नका. परीक्षा आणि वॉर्ड यांसाठी इंग्रजी नावे पक्की हवीत, त्याला इलाज नाही, पण अर्थ मराठीत ठेवायला काय हरकत आहे? मायटोकॉन्ड्रिया हे नाव कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ग्रीक भाषेतल्या ‘धागा’ आणि ‘कण’ या दोन शब्दांवरून घडवले. आपल्या परिभाषाकारांनी तेच दोन शब्द उचलून ‘तंतुकणिका’ केली. इंग्रजी माध्यमाच्या मुलीला मायटोकॉन्ड्रिया हा निरर्थक आवाज असतो. तुम्हाला तो धाग्यासारखा कण आहे हे दहावीपासून माहीत आहे. लयकारिका म्हणजे लय करणारी. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल हे शब्दच इतके वेगळे आहेत की भिंत आणि पडदा यांची गल्लत होऊ नये. वहीच्या एका ओळीत दोन्ही नावे लिहा आणि खाली व्याख्येऐवजी ‘हे नसलेली एक पेशी आणि तिथे त्यामुळे काय अडते’ असे लिहा.

आकृती काढावीच लागेल, तिला गुण आहेत, म्हणून ती ग्रुप फोटोसारखीच काढा. पण त्याआधी वहीच्या वेगळ्या पानावर फक्त बीटा पेशी काढा आणि जनुकापासून पटलापर्यंत इन्सुलिनची वाट बाणांनी दाखवा. प्रत्येक वळणावर काय कापले गेले ते आकड्यांसह लिहा, ११०, ८६, ५१. समोरच्या पानावर लाल रक्तपेशी काढा. ती काढायला अर्धा मिनिट लागेल, कारण आत काढण्यासारखे काही नाही. तिच्याभोवती, तिने काय काय टाकून दिले आणि प्रत्येक टाकलेल्या वस्तूमुळे तिला काय करता येत नाही, ते लिहीत जा. पान भरले की ते बंद करून घरातल्या कोणाला तरी, अगदी स्वयंपाक करता करता, मराठीत सांगा. जिथे अडखळाल तिथली ओळ पुन्हा वाचा, आणि पुढच्या तोंडी परीक्षेत तोच प्रश्न आला तर रेटिक्युलोसाइटपासून सुरुवात करा.